काठ आणि नाव यांच्यामधलं हातभर अंतर

खानदेशातल्या चांगदेवला तापी आणि पूर्णा एकत्र येतात, तिथं आता नदीपेक्षा हतनूर धरणाचा फुगवटाच अधिक दिसतो. पावसाळा सरताना पाणी काठाला टेकलेलं असतं. पुढं ते मागं सरतं आणि मधे काळ्या गाळाचा पट्टा उघडा पडतो. व्हीलचेअर किंवा कुबड्या घेऊन आलेला माणूस या पट्ट्यावर अडतो. चाक रुततं, कुबडीचं टोक वीतभर आत जातं. मग दोघं-तिघं धावून येतात. एक काखेत हात घालतो, दुसरा पाय धरतो आणि त्याला नावेत ठेवतात.

नीयत चांगली असते, पण सगळ्यात मोठा धोका याच घडीला असतो. एका बाजूनं वजन पडताच नाव कलते, उचलणाऱ्यांचे हात गुंतलेले असतात, आणि तोल गेला तर सगळेच पाण्यात. लाइफ जॅकेट तर नावेत बसल्यावर मिळणार! ते काठावरच अंगात असायला हवं. ज्याला कमरेखाली संवेदना नाही, त्याची मांडी नावेच्या कडेला खरचटली तरी त्या वेळी कळत नाही. कसं उचलायचं, कुठं धरायचं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आणि विचारायचं राहतं ते नेमकं त्यालाच.

दुसरी तऱ्हा याहून वाईट. ‘तुम्ही इथंच बसा, आम्ही जाऊन येतो.’ काळजीपोटी दिलेला हा नकार मला मान्य नाही. माणसाला पाण्यापासून दूर ठेवून पाण्याची सुरक्षितता साधत नाही.

जॅकेटचंही नीट पाहावं लागतं. शरीराच्या खालच्या भागात बळ नसेल तर पाण्यात पाय वर तरंगू शकतात. जॅकेट अंगाला न जुळणारं असेल तर तोंड पाण्यात जातं. म्हणून ते आधी उथळ पाण्यात, सोबत माणूस ठेवून, घालून पाहिलं पाहिजे. फिट्स येणाऱ्याला तोंड पाण्याबाहेर वळवणारं, मानेमागं आधार असलेलं जॅकेट लागतं. सैल जॅकेट वर सरकतं, त्याला जांघेतून जाणारा पट्टा हवा. व्हीलचेअर नेलीच तर तिला ब्रेक लावून पक्कं अडकवावं, पण माणसाला तिच्याशी कधीही बांधू नये. नाव उलटली तर खुर्ची त्याला घेऊन तळाला जाईल. दृष्टिहीन प्रवाशाच्या हाताला नावेची कड, बसायची जागा आणि जॅकेटचं बक्कल निघण्यापूर्वी लागलेलं असावं. ऐकू न येणाऱ्याशी हाताच्या खुणा आधीच ठरवाव्यात. यातलं बरंचसं काम पैशाचं नाही, पाच मिनिटांच्या सवडीचं आहे.

पैशाचं काम आहे ते धक्क्याचं. धरणाच्या पाण्याची पातळी बदलते, त्यामुळं सिमेंटचा पक्का घाट वर्षातले काही महिनेच उपयोगी पडतो. कोचीत 2023 साली वॉटर मेट्रो सुरू झाली. तिथले तरंगते धक्के पाण्याबरोबर वर-खाली होतात, म्हणून बोटीचा डेक आणि धक्का एका पातळीत राहतात आणि खुर्ची सरळ आत जाते. एवढी मोठी यंत्रणा चांगदेवला नको, पण तरंगता तराफा आणि काठापर्यंतचा उतार खानदेशात जमणार नाही असं मानायला मी तयार नाही.

पाण्याचा रोष आपल्याला नवा नाही. 15 जानेवारी 2019 रोजी, संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात भुषा इथं नर्मदेत बोट उलटली. 21 मे 2024 रोजी उजनी धरणाच्या पाण्यात कुगाव-कळाशी मार्गावरची बोट वादळी वाऱ्यात बुडाली आणि सहा जण गेले. असं काही घडलं की चर्चा होते जॅकेटच्या संख्येची, गर्दीची, परवान्याची. ती व्हायलाच हवी. पण ज्याला स्वतःहून उठता येत नाही, त्याचं काय ठरलं होतं, हा प्रश्न क्वचितच येतो.

कायद्यानं मात्र तो विचारला आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं आठवं कलम आपत्तीत समान संरक्षण देतं आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवावी, धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवावी, असं बजावतं. पांझरेला पूर आला की धुळ्यात, तापी-गिरणा फुगल्या की जळगावात ही नोंद हाताशी लागेल. पण नुसती नोंद पुरत नाही. बचावाची रबरी बोट फुगीर काठाची असते. त्या काठावरून लुळ्या पायांच्या माणसाला आत घेणं हे शिकूनच येतं. तेव्हा पावसाळ्यापूर्वीच्या बचाव-सरावात दिव्यांगांना पाहुणे म्हणून खुर्चीवर बसवू नका. जॅकेट घालून बोटीत घ्या, कुठं धरायचं ते त्यांना सांगू द्या, आणि उचलणाऱ्या जवानांनी ते तिथंच, गुडघाभर पाण्यात, पुन्हा पुन्हा करून पाहावं.