विदुराच्या घरचं जेवण



आजचं चिंतन माथेरानहून. दस्तुरीला गाडी सोडली आणि लाल मातीतून चालत वर आले. वाचायला घेतलंय उद्योगपर्व, श्रीकृष्णाची शिष्टाई.

प्रसंग आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. युद्ध टळावं म्हणून कृष्ण हस्तिनापुरात येतो. दुर्योधन त्याच्यासाठी जेवणाचा मोठा थाट मांडतो आणि कृष्ण नम्रपणे नाही म्हणतो. तो म्हणतो, दूत काम झाल्यावरच पाहुणचार घेतो. आणि दुसऱ्याचं अन्न दोनच कारणांनी खावं: देणाऱ्याचं प्रेम असेल म्हणून, किंवा आपण अडचणीत असू म्हणून. इथे दोन्ही नाही. मग तो विदुराकडे जाऊन जेवतो.

कीर्तनात विदुराच्या घरच्या कण्या ऐकतच आपण मोठे झालो. देव भावाचा भुकेला, एवढाच अर्थ मी घेत आले. पण मी वकील आहे, आणि आता मध्यस्थीचं काम करते. एका प्रकरणानंतर हा प्रसंग मला टोचायला लागला.

(मध्यस्थी गोपनीय असते, म्हणून ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

नेरळजवळ मुंबईच्या एका कुटुंबाने जागा घेतली, बंगला बांधला, कुंपण घातलं. त्या कुंपणात वरच्या ठाकरवाडीची पायवाट अडकली. गुरं न्यायची, देवाला जायची तीच वाट. कुटुंबाकडे सातबारा होता, मोजणीचा नकाशा होता. वाडीतल्या म्हाताऱ्या बाबांकडे फक्त आठवण होती. "माझा आजा इथनंच जायचा." कोर्टात जाण्याआधी दोघांनी मध्यस्थी मान्य केली आणि मला बोलावलं.

तीन बैठका झाल्या, तिन्ही बंगल्याच्या व्हरांड्यात. पंखा होता, खुर्च्या होत्या, सोयीचं होतं. मी मुद्दे मांडत गेले, बाबा "हां, हां" म्हणत गेले. वाट लांबून वळवायची असं ठरलं. बाबांनी अंगठा दिला. मला वाटलं, किती छान समेट केला!

दोन महिन्यांत कुंपण तुटलं.

मला राग आला. तडक वाडीत गेले. "बाबा, तुम्ही हो म्हणाला होतात ना?"

बाबा शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही बोलत व्हत्या, म्हणून हां म्हनत व्हतो. बोलनाऱ्याला मधी तोडायचं नाय."

त्यांचं "हां" म्हणजे "ऐकतोय". मी ते "मान्य आहे" असं लिहून घेतलं होतं. एकच शब्द, दोघांचीही मराठीच, आणि तरी मधे एवढी दरी.

बाहेर पडताना त्यांचा मुलगा म्हणाला, "तुम्ही तर त्यांच्याकडंच जेवत व्हत्या. मग आम्ही काय बोलनार?"

खरं होतं. तिन्ही दुपारी मी आत टेबलावर जेवले होते. बाबा आणि मुलगा बाहेर चिंचेखाली भाकरी खात होते. ते कुटुंब काही दुर्योधन नव्हतं, साधी, अगत्यशील माणसं होती. मला जेवायला घालण्यात त्यांचा काही डाव नव्हता. पण चिंचेखालून काय दिसत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. 2023 च्या मध्यस्थी कायद्याप्रमाणे मध्यस्थाने आपला हितसंबंध असेल तर आधीच सांगायचा असतो. माझा काहीच नव्हता. कायद्याने मी स्वच्छ होते. कृष्णाच्या कसोटीवर मात्र नापास.

वकिलाने या वाटेला वळणं काही नवं नाही. बॅरिस्टर होऊन आलेल्या गांधीजींना मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात तोंडातून शब्द फुटला नव्हता. 1893 मध्ये ते दक्षिण आफ्रिकेला गेले ते दादा अब्दुल्ला आणि तय्यब शेठ या दोन नातलग व्यापाऱ्यांच्या खटल्यासाठी. बाजू भक्कम होती, तरी त्यांनी दोघांना लवादाकडे नेलं. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला, सुमारे 37,000 पौंड आणि वर खर्च. तय्यब शेठना एवढे पैसे एकदम देणं शक्य नव्हतं, आणि त्या समाजात दिवाळं निघणं म्हणजे मरणाहून वाईट. तेव्हा गांधीजींनी आपल्याच जिंकलेल्या अशिलाला लांब मुदतीच्या हप्त्यांसाठी राजी केलं. लवादापेक्षा हे जास्त अवघड गेलं, असं त्यांनी स्वतः लिहिलंय. हरलेल्याचा समाज त्याच्याकडे कसा बघेल, हे ज्याला समजतं तोच मधे उभा राहू शकतो.

पण मग एक प्रश्न उरतो. कृष्ण कुठे तटस्थ होता? तो तर पांडवांचाच होता! हो, आणि त्याने ते लपवलं नाही. समत्व म्हणजे दोघांपासून सारखं लांब उभं राहणं, असं मी समजत होते. आता वाटतं, दोघांच्याही जागी जाऊन बसता येणं म्हणजे समत्व. त्यासाठी कधी खुर्ची सोडावी लागते, कधी पंगत.

इथे माथेरानातही बघा. हातरिक्षा ओढणारे म्हणत होते, माणसाने माणसाला ओढायचं किती दिवस? अश्वपाल म्हणत होते, ई-रिक्षा आली तर आमच्या पोटाचं काय? ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. माणसाच्या प्रतिष्ठेसाठी ते हवंच होतं. पण निकालानंतरही घोडा आणि रिक्षा याच लाल वाटेवर समोरासमोर येणार. एकमेकांना वाट कशी द्यायची, हे निकालपत्रात लिहिता येत नाही.

आमची पुढची बैठक चिंचेखाली झाली. मी डबा नेला होता. या वेळी मी कमी बोलले, आणि बाबांना विचारलं, "आत्ता मी काय म्हणाले, ते तुमच्या शब्दांत सांगा." कुंपणाला फाटक लागलं, वाट जुनीच राहिली. सगळं गोड झालं असं नाही. बाबांचा मुलगा अजून त्या कुटुंबाशी बोलत नाही.

कृष्णाची शिष्टाई तर साफ फसली. विदुराने आधीच सावध केलं होतं, हे ऐकणार नाहीत. कृष्णाच्या उत्तराचा भाव असा: मनापासून केलेला प्रयत्न फसला तरी त्याचं पुण्य बुडत नाही, आणि थांबवता येत असून थांबवलं नाही, असं कोणी म्हणायला नको. मला हे फार धीर देतं. समेट आपल्या हातात नाही. कोणाच्या ताटावर बसून बोलतोय, एवढं मात्र आहे.

आजचा संकल्प: घरात, ऑफिसात, मित्रांमध्ये कुणाचं भांडण मिटवायला गेलात, तर आधी स्वतःला विचारा, मी जेवलोय कुणाकडे? आणि समोरचा "हां" म्हणाला, तर एकदा विचारून घ्या, मान्य आहे की नुसतं ऐकतोयस?

राम कृष्ण हरी! 🌿