औषधांसाठी राखलेली जागा

जीवनावश्यक मालासाठी सरकारने जहाजांवर आधीच जागा राखून ठेवणे, हा संकटाच्या पूर्वतयारीचा एक मार्ग आहे. बाजारात जागा मिळते ती जास्त भाडे मोजणाऱ्याला. आजाऱ्याची निकड त्या भाड्यात दिसत नाही. ती सरकारलाच ओळखावी लागते.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडताना हा प्रश्न उभा राहिला. युरोपातून ट्रकने येणाऱ्या मालाचा मोठा भाग डोव्हर-कॅले फेरी आणि इंग्लिश खाडीखालचा बोगदा या चिंचोळ्या वाटेने येतो. समझोता न होता बाहेर पडल्यास तपासणीमुळे तेथे कोंडी होण्याची भीती होती. त्यात औषधे अडकू नयेत म्हणून डिसेंबर 2018मध्ये तीन कंपन्यांशी एकूण 10 कोटी पौंडांहून अधिक रकमेचे करार झाले. त्यांपैकी ‘सीबोर्न फ्रेट’कडे स्वतःचे एकही जहाज नव्हते, तिचा करार फेब्रुवारी 2019मध्ये रद्द झाला. तातडीचे कारण देऊन खुली स्पर्धा टाळल्याबद्दल बोगदा चालवणाऱ्या युरोटनेलने दावा लावला. सरकारने 3 कोटी 30 लाख पौंड देऊन तो मिटवला. बाहेर पडण्याची तारीख लांबल्यावर उरलेले दोन करारही मे महिन्यात भरपाई मोजून सोडावे लागले.

वापरावी न लागलेली जागा वाया गेली असे म्हणता येत नाही. आग लागली नाही म्हणून अग्निशमनाच्या बंबावरचा खर्च कोणी व्यर्थ मानत नाही. दोष उशिराचा होता. सार्वमत जून 2016मध्ये झाले होते. 29 मार्च 2019 ही मुदत दोन वर्षे आधीच ठाऊक होती. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली, की खणणाऱ्याची पारख करायला सवड उरत नाही.

याच कामासाठी पुढे ऑक्टोबर 2020मध्ये चार प्रस्थापित कंपन्यांशी 7 कोटी 76 लाख पौंडांचे करार झाले. गर्दीची वाट टाळून आठ बंदरे आणि नऊ मार्ग निवडले गेले. आठवड्याला 3000हून अधिक ट्रकची सोय झाली. त्याच डिसेंबरात करोनाच्या नव्या प्रकारामुळे फ्रान्सने सीमा 48 तास बंद केली आणि हजारो ट्रक केंट परगण्यात अडकून पडले. कोंडीची भीती काल्पनिक नव्हती, हे त्या दोन दिवसांनी दाखवले.

आजाऱ्यापर्यंत औषध पोचवणे आणि जनतेच्या पैशाचा चोख हिशेब देणे, ही दोन्ही सरकारचीच कर्तव्ये आहेत. तयारी वेळेवर सुरू झाली, तर एकासाठी दुसऱ्याचा बळी द्यावा लागत नाही.