मैदानाचा नंबर शेवटचा

16 नोव्हेंबर 2020 रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, कोरोनाच्या साथीत बंद झालेले शिर्डीचे साई समाधी मंदिर आठ महिन्यांनी भाविकांसाठी उघडले. त्या निर्णयाबद्दल तक्रार नाही. 2011 च्या जनगणनेत 36 हजार वस्ती असलेल्या या गावाची चूल फुले, प्रसाद, लॉज आणि रिक्षांवर पेटते. ती किती काळ विझवून ठेवणार? प्रश्न क्रमाचा आहे. राज्यात दारूची दुकाने मे 2020 मध्येच उघडू लागली होती. मॉल 5 ऑगस्टला, हॉटेले आणि बार 5 ऑक्टोबरला, व्यायामशाळा दसऱ्याला आणि देवळे पाडव्याला उघडली. या रांगेत गावातल्या मुलांच्या संध्याकाळच्या सरावाला, म्हणजे शाळेच्या किंवा मंडळाच्या मैदानावरच्या कबड्डी, खो-खो, लंगडीला, स्वतःचा नंबरच नव्हता. माझे म्हणणे सरळ आहे: साथीत मुलांचे मैदान सर्वांत शेवटी बंद व्हावे आणि सर्वांत आधी उघडावे.

सरकारने खेळांचा विचारच केला नाही, असे म्हणता येणार नाही. मॉल उघडले त्याच 5 ऑगस्टपासून मैदानी, पण सांघिक नसलेल्या खेळांना परवानगी मिळाली: गोल्फ, नेमबाजी, टेनिस, उघड्यावरचे बॅडमिंटन, जिम्नॅस्टिक्स आणि मल्लखांब. शिर्डीच्या राहाता तालुक्यातल्या किती घरांत गोल्फची काठी सापडेल, हे वाचकांनीच सांगावे. त्या यादीत आपल्या मातीतला मल्लखांब तेवढा होता. ‘सांघिक’ की ‘वैयक्तिक’ ही कसोटी कागदावर सोपी, पण विषाणू ती पाळत नाही. त्याला हवा कोंडलेली आहे की मोकळी, माणसे किती वेळ जवळ आहेत आणि ती रोज तीच आहेत की बदलतात, याच्याशी देणेघेणे असते. खो-खोत पाठलाग उघड्यावर होतो आणि स्पर्श क्षणाचा असतो. कबड्डीत मात्र पकड म्हणजे अंगाला अंग आणि श्वासाला श्वास. तिला थांबायला सांगणे समजू शकते. पण दोन्ही खेळांना एकाच दाव्याने बांधण्यात शास्त्र कमी आणि सोय जास्त होती.

‘मुलांना लागण झाली तर?’ या भीतीला आपल्याच जिल्ह्याने तोंड दिले आहे. मे 2021 मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात महिनाभरात अठरा वर्षांखालच्या आठ हजारांहून अधिक मुलांना कोरोना झाल्याची बातमी देशभर गाजली. तिसरी लाट मुलांवरच येणार, असा निष्कर्षही लगोलग निघाला. ही मुले जिल्ह्यातल्या एकूण बाधितांच्या साधारण दहा टक्के होती, हे मात्र मथळ्यात मावले नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या महिन्यात शाळा बंद होत्या, मैदाने बंद होती, जत्रांतले कुस्त्यांचे हंगामे बंद होते. मग मुलांना लागण कुठे झाली? बहुतेकांना घरातच, मोठ्यांकडून, असेच मानावे लागते. जून-जुलै 2021 मधल्या आयसीएमआरच्या चौथ्या सेरो सर्वेक्षणात देशातल्या सहा ते नऊ वर्षांच्या 57.2 टक्के आणि दहा ते सतरा वर्षांच्या 61.6 टक्के मुलांत प्रतिपिंडे सापडली. सव्वा वर्ष दाराआड ठेवूनही निम्म्याहून अधिक मुलांपर्यंत विषाणू पोहोचला होता. उलट उघड्यावरच्या संसर्गाचे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्यांना त्याचा वाटा दहा टक्क्यांहून कमी दिसला. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाने 2020 च्या उन्हाळ्यातल्या सुमारे 91 हजार युवा फुटबॉलपटूंची माहिती क्लबांकडून मागवली. बाधित निघाले 282 आणि खेळातून झालेली लागण, क्लबांच्या मते, एक. क्लबांनी स्वतःबद्दल सांगितलेला हा आकडा मी निम्म्या विश्वासानेच घेतो. तरी त्याची दिशा बाकीच्या पुराव्याशी जुळते.

सर्वांत वजनदार आक्षेप आजी-आजोबांचा. एकत्र कुटुंबात मूल खेळून आले आणि म्हाताऱ्यांना आजार देऊन गेले तर? हा धोका खरा आहे. पण तो दोन संघ पळतात तिथे कमी आणि मैदानाच्या कडेला जास्त असतो: एकाच जीपमध्ये कोंबून नेलेला संघ, फिरती पाण्याची बाटली, बंद खोलीतली बैठक, सामन्याला जमलेली बघ्यांची गर्दी. म्हणून सराव उघडावा, स्पर्धा थांबवाव्यात. एकाच वस्तीतल्या मुलांची ठरलेली तुकडी असावी, ती दुसरीत मिसळू नये. खेळवणाऱ्या मोठ्यांनी मास्क लावावा. शिर्डीत तर हे अधिकच पटावे. इथे देशभरातून रोज नवी माणसे येतात. जोखीम त्या गर्दीत आहे, रोज तेच भिडू असलेल्या तुकडीत नाही. दुसरा आक्षेप जबाबदारीचा: काही घडले तर क्रीडाशिक्षकाला कोण वाचवणार? तो रास्त आहे, आणि त्याचे उत्तर लेखी आदेशात आहे, शिक्षकाच्या धाडसात नाही. शिवाय मैदान बंद म्हणजे खेळ बंद, हा समजही अर्धाच खरा. मुलगे गल्लीत, रस्त्यावर बॅट घेऊन उतरतातच. घराबाहेर पडायला ‘सराव आहे’ एवढेच कारण चालते त्या मुलींचा खेळ मात्र खरोखर बंद होतो.

एप्रिल-मे 2021 सारखी वेळ आली, ऑक्सिजनसाठी नातेवाईक वणवण करत असले, तर मैदानही बंद करावे. त्यावर वाद नाही. वाद आहे तो पुन्हा कधी आणि कोणी उघडायचे याचा. जून 2021 च्या पाच स्तरांच्या आदेशाने खेळांच्या वेळा बाधितांच्या प्रमाणाशी आणि ऑक्सिजन खाटांशी जोडल्या. कल्पना चांगली, पण माप जिल्ह्याचे. अकोले तालुक्यातल्या डोंगरापासून जामखेडपर्यंत पसरलेल्या, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या जिल्ह्याला एकच स्तर! आणि तिसऱ्या स्तरात मैदानी खेळांना मिळालेली पहाटे पाच ते नऊ ही वेळ फिरायला जाणाऱ्या प्रौढांच्या सोयीची. गाव हे माप अशक्य नव्हते. महिनाभर कोरोनामुक्त असलेल्या गावांत आठवी ते बारावीचे वर्ग 15 जुलै 2021 पासून भरवायला सरकारनेच मुभा दिली. त्यासाठी सरपंचाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायची होती. ऑक्टोबरात जिल्हा प्रशासनाने 61 गावे निवडून 4 ते 13 तारखेपर्यंत बंद ठेवली, आणि त्याच दहा दिवसांत, 7 तारखेला, घटस्थापनेला, साईमंदिर दुसऱ्यांदा उघडले. गावनिहाय बंद जमतो, तर गावनिहाय मैदान उघडणेही जमायला हवे.

ते पुढच्या साथीच्या धांदलीत सुचणार नाही. शिर्डीच्या नगरपरिषदेने आणि भोवतालच्या ग्रामपंचायतींनी आत्ताच ठराव करून ठेवावा: किती रुग्ण असतील तेव्हा मैदान बंद, किती दिवसांनी पुन्हा सुरू, तुकडी किती मुलांची, जबाबदार कोण. ग्रामसभेत हा विषय मांडायला पालकांना कोणाच्या परवानगीची गरज नाही.