जास्तीचं पान

मॉरिशसहून आलेल्या त्या तरुणाजवळ खापरपणजोबांचा सगळा ऐवज एका पाकिटात मावला होता. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतून मिळवलेली गिरमिटाच्या, म्हणजे मजुरीच्या कराराच्या, नोंदवहीची नक्कल: नंबर, बापाचं नाव, वय, उंची, कपाळावरचा वण, गावाचं नाव आणि पुढे साहेबी स्पेलिंगातलं 'रत्नघेरी'. 1834 ते 1920 या काळात जवळजवळ पाच लाख मजूर त्या बेटावर उतरले. त्यांच्यातलाच हा एक, पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या सोळा पायऱ्या चढून उसाच्या मळ्यात गेलेला. आडनाव इकडेच राहिलं. तिकडे बापाचं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं.

तरुणाचे पहिले चार दिवस रत्नागिरीत गेले. ते गाव 1981 पासून सिंधुदुर्गात आहे हे कळल्यावर तो मालवणकडे वळला. गाव सापडलं, पण माणसं बोलेनात. आल्या आल्या त्याने तलाठ्याकडे जुना सातबारा मागितला होता आणि ती बातमी त्याच्याआधी घराघरांत पोचली. परदेशातून कागद घेऊन आलेला माणूस हिस्सा मागणार, दुसरं काय? भाऊबंदकीने कोकणातली इतकी घरं मोडली आहेत की त्या भीतीला मी दोष देणार नाही. ज्या घरावर त्याची भिस्त होती, तिथल्या कर्त्याने पडवीतूनच सांगितलं, "असो कोण आमचो नाय."

निघायच्या दिवशी तो पुन्हा त्या दारात गेला. पाकीट पिशवीतच राहू दिलं. अडखळत म्हणाला, "जमीन नको. आजीने सांगितलं होतं, घरचं पाणी पिऊन ये."

आतून म्हातारी तांब्या घेऊन आली. तो पाणी पिईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

"आमच्यातलो एक बोटीन गेलो, तो परत येवक नाय," ती म्हणाली. "म्हाळात सर्वपित्रीक एक पान त्येच्या नावान वाढतंव. माझ्या सासून वाढला, तिच्या सासून वाढला. तीथ ठाऊक नाय ना." मग हळूच, "तुका ठाऊक आसा?"

पाकिटात मृत्यूचा दाखलाही होता. गावाच्या शोधात त्याने तो कधी नीट वाचलाच नव्हता. तो उघडून त्याने तारीख मोठ्याने वाचली.

म्हातारीने मुलाला हाक मारली. आदल्या दिवशी नाकारणारा तो हाच. तारीख चिठ्ठीवर उतरवून घेत तो पायात चपला सरकवू लागला.

"भटजींका सांग, जुन्या पंचांगात बघून तीथ काढूक व्हयी," म्हातारी म्हणाली. "आणि येताना केळीची पाना आण. हो जेवन जातलो."