कारण सापडण्याआधीचं उत्तर

2016च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात विमानानं प्रवास केलेल्यांना ती सूचना आठवत असेल. सीटबेल्ट बांधा, खुर्ची सरळ करा, आणि सॅमसंग गॅलेक्सी नोट 7 जवळ असेल तर तो बंद ठेवा, चार्जिंगला लावू नका, चेक-इनच्या सामानात टाकू नका. गंमत म्हणजे हा फोन भारतात विक्रीला आलाच नव्हता. ऑगस्टमध्ये दिल्लीत त्याचं अनावरण झालं, 59,900 रुपये किंमत जाहीर झाली, विक्री 2 सप्टेंबरपासून सुरू व्हायची होती. नेमक्या त्याच दिवशी सोलमध्ये सॅमसंगच्या मोबाइल विभागाचे प्रमुख को डाँग-जिन पत्रकारांसमोर आले, त्यांनी माफी मागितली आणि जगभरात गेलेले पंचवीस लाख नोट 7 बदलून देत असल्याचं सांगितलं.

तेव्हा कंपनीकडे फोन पेटल्याच्या तक्रारी होत्या फक्त 35. दहा लाख फोनांमागे चोवीस फोन सदोष, असा हिशेबही तिनंच मांडला. एवढ्याशा आकड्यासाठी एवढं मोठं पाऊल उचललं म्हणून त्या आठवड्यात कंपनीचं कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. कंपनीची जुनी ख्यातीही तशी होती. 1995 साली अध्यक्ष ली कुन-ही यांनी गुमीच्या कारखान्यात सदोष निघालेले सुमारे दीड लाख फोन आणि इतर यंत्रं मैदानात रचून, दोनेक हजार कामगारांच्या देखत पेटवून दिली होती. गुणवत्तेचा असा होम करणारी कंपनी एकवीस वर्षांनी आपणहून पेटणारे फोन गोळा करत हिंडली. हा योगायोग कोरियातल्या व्यंगचित्रकारांना पुरून उरला असणार.

माझ्या मते चूक फोन परत मागवण्यात नव्हतीच. ती त्या घोषणेतल्या एका गृहीतकात होती: दोष बॅटरीत आहे आणि तो एकाच पुरवठादाराच्या बॅटरीत आहे. नोट 7ला दोन ठिकाणांहून बॅटऱ्या येत. एक सॅमसंगचीच भावंड कंपनी सॅमसंग एसडीआय, दुसरी एटीएल. जळालेले फोन एसडीआयच्या बॅटरीचे होते. चीनमध्ये एटीएलची बॅटरी होती, म्हणून तिथले फोन सुरक्षित ठरवले गेले. उपाय सरळ दिसत होता: पहिली बॅटरी बंद, सगळीकडे दुसरी. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाला सुरुवातीला बाजूला ठेवूनच हे सगळं चाललं होतं. आयोगाचे अध्यक्ष इलियट के यांनी त्याबद्दल जाहीर नाराजीही व्यक्त केली. अमेरिकेतला रीतसर रिकॉल 15 सप्टेंबरला झाला. बदलून दिलेला फोन ओळखू यावा म्हणून त्याच्या पडद्यावरचं बॅटरीचं चिन्ह हिरवं केलं गेलं. हिरवं म्हणजे निर्धोक.

5 ऑक्टोबरला लुइव्हिलच्या विमानतळावर साउथवेस्टचं बाल्टिमोरला निघालेलं विमान घाईघाईनं रिकामं करावं लागलं. धूर येत होता तो बदलून मिळालेल्या नोट 7मधून. 11 तारखेला कंपनीनं उत्पादन कायमचं थांबवलं, 15 तारखेपासून अमेरिकेत हा फोन विमानात नेण्यावरच बंदी आली. ज्यांनी एकदा फोन बदलून घेतला होता त्यांना तो दुसऱ्यांदा परत करायचा होता, आणि या वेळी घरी जाड आवरणाचा अग्निरोधक खोका आणि हातमोजे पाठवले गेले. फोन विमानानं पाठवायची सोय उरली नव्हती.

खरी कारणं कळायला 23 जानेवारी 2017 उजाडला. सातशेच्या आसपास तंत्रज्ञ, दोन लाख फोन, तीस हजार सुट्या बॅटऱ्या आणि यूएल, एक्सपोनंट, टीयूव्ही राइनलँड या तीन बाहेरच्या संस्था एवढा लवाजमा कामाला लागला होता. काय सापडलं ते समजून घ्यायचं तर बॅटरीच्या पोटात डोकवावं लागतं. आत दोन लांब पट्ट्या एकीवर एक ठेवून गुंडाळलेल्या असतात. एक ग्रॅफाइटचा लेप दिलेली तांब्याची, दुसरी कोबाल्टच्या ऑक्साइडचा लेप दिलेली अ‍ॅल्युमिनियमची. मध्ये प्लास्टिकचा सच्छिद्र पापुद्रा, केसाच्या जाडीहून कितीतरी पातळ, आणि सगळ्यात मुरलेलं ज्वालाग्राही द्रावण. पापुद्रा फाटला की दोन्ही पट्ट्या भिडतात आणि त्या ठिकाणी उष्णता वाढते. तापलेलं ऑक्साइड स्वतःच ऑक्सिजन सोडू लागतं. त्यामुळे ही आग कांबळं टाकून गुदमरवता येत नाही, ती थंडच करावी लागते. नोट 7च्या 3,500 एमएएचच्या बॅटरीत साठलेली वीज एक कप चहाचं पाणी उकळवू शकेल एवढी होती. ती काही सेकंदांत, एकाच बिंदूपाशी, ज्वालाग्राही द्रावणात मोकळी झाली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

एसडीआयच्या बॅटरीचं पाकीट जरा तंग होतं. त्यामुळे उजव्या वरच्या कोपऱ्यात ऋण बाजूची पट्टी दुमडली जात होती. एटीएलच्या बॅटरीत असं काही नव्हतं. तिथे धन बाजूच्या जोडावर वेल्डिंगचे उंचवटे राहून गेले होते, ते पापुद्र्यात घुसत होते, आणि काही बॅटऱ्यांमध्ये वरची इन्सुलेशन टेपच लावलेली नव्हती. एकाच फोनमध्ये, दोन कारखान्यांतून आलेले, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले दोन दोष. सप्टेंबरचं उत्तर चुकीचं नव्हतं, अर्धं होतं. आणि त्या अर्ध्या उत्तराच्या भरवशावर दुसऱ्या पुरवठादारावर एकाएकी सगळ्या जगाचा भार टाकला गेला.

एक प्रश्न या अहवालानंतरही राहतो. डिसेंबर 2016मध्ये इन्स्ट्रुमेंटल या अमेरिकी कंपनीच्या अभियंत्यांनी एक नोट 7 उघडून दाखवला. बॅटरी चार्ज होताना किंचित फुगते, वय वाढेल तशी आणखी फुगते, आणि या फोनमध्ये तिला फुगायला जागाच ठेवलेली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कंपनीच्या अहवालानं फोनच्या रचनेला निर्दोष ठरवलं. बॅटरी कशी हवी याची उद्दिष्टं आपणच पुरवठादारांना घालून दिली होती, हे मात्र को यांनी अहवाल मांडतानाच्या पत्रकार परिषदेत मान्य केलं. दोन वेगळ्या कारखान्यांच्या हातून एकाच वेळी चुका होतात तेव्हा दोघांना मिळालेला आराखडा कोणाचा होता, हे विचारणं मला तरी गैर वाटत नाही.

हे दुखणं या फोनपुरतं नाही, लिथियमच्या कुंडलीतच ते आहे. 2019 साली नोबेल मिळालेले स्टॅन्ली व्हिटिंगहॅम 1970च्या दशकात एक्सॉनसाठी पुन्हा चार्ज होणारी पहिली लिथियम बॅटरी बनवत होते, तेव्हा प्रयोगशाळेतल्या आगी विझवून अग्निशमन दल वैतागलं होतं. कॅनडातल्या मोली एनर्जीच्या लिथियम-धातूच्या बॅटऱ्या जपानमधल्या मोबाइल फोनांत गेल्या आणि 1989मध्ये त्या परत मागवाव्या लागल्या. कंपनी त्यातून सावरली नाही. त्यानंतर 1991मध्ये सोनीनं शुद्ध धातू टाळणारी लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. 2006मध्ये त्याच सोनीच्या बॅटऱ्यांत धातूचे बारीक कण सापडले आणि एकट्या डेलला लॅपटॉपच्या 41 लाख बॅटऱ्या परत घ्याव्या लागल्या.

आपल्याकडच्या लोकांच्या मात्र लक्षात आहे ती 2007ची बीएल-5सी. 14 ऑगस्टला नोकियानं कळवलं, की मात्सुशितानं बनवलेल्या 4 कोटी 60 लाख बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यावर तापू शकतात. जगभरात असे प्रकार झाले होते शंभरच्या आसपास. पण ही बॅटरी नोकियाच्या ज्या साध्या मॉडेलांत होती ती आपल्याकडे घरोघरी होती, त्यामुळे सर्व्हिस सेंटरसमोर गर्दी लोटली. मला त्यातला मोकळेपणा आजही हेवा वाटावा असा वाटतो. अंगठ्यानं मागचं झाकण सरकवायचं, बॅटरी काढायची, तिच्या पाठीवरचा सव्वीस अक्षरा-आकड्यांचा क्रमांक वाचायचा आणि ताडून पाहायचा. आपल्या हातातली वस्तू सदोष आहे की नाही, हे आपलं आपल्याला तपासता येत होतं. नोट 7ची बॅटरी फोनमध्ये चिकटवून बंद केलेली होती. म्हणून बॅटरीच्या दोषापायी अख्खा फोन परत मागवावा लागला.

तरीही नोट 7 जवळजवळ सगळे परत आले, कंपनीच्या सांगण्यानुसार 96 टक्के. हे जाहिरातींनी किंवा माफीनाम्यांनी साधलं नाही. कोरियात आणि युरोपात दुरून अपडेट पाठवून फोन 60 टक्क्यांच्या पुढे चार्ज होणार नाही अशी व्यवस्था केली. अमेरिकेत डिसेंबरात तो चार्जच होईना असा केला. न्यूझीलंडच्या दूरसंचार कंपन्यांनी नोव्हेंबरातच त्याला नेटवर्कवरून काढून टाकलं. प्रत्येक फोन कुठे आहे हे माहीत होतं आणि तिथपर्यंत हात पोचत होता, म्हणून तो परत आला. कारण शोधण्यात कंपनी फसली, पत्ता शोधण्यात नाही. आता तर फोन परत मागवायचीही गरज उरलेली नाही. 2025च्या जुलैत गूगलनं पिक्सेल 6एला सक्तीचं अपडेट पाठवलं. चारशे चार्जनंतर बॅटरीची क्षमता आपोआप कमी होईल, तुम्ही हवं तर बॅटरी मोफत बदलून घ्या किंवा पैसे घ्या. विकलेल्या वस्तूवर विकणाऱ्याचा एवढा हक्क मला अस्वस्थ करतो, पण उशाशी फोन ठेवून झोपणाऱ्या माणसाच्या दृष्टीनं पाहिलं तर तक्रार करायला तोंड उरत नाही.

आपल्याकडे पत्त्याचं काय? कायदा आहे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 20नं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू परत घ्यायला लावण्याचा अधिकार दिला आहे. 2022मध्ये प्राधिकरणानं तो प्रेशर कुकरसाठी वापरला. आयएसआय मानकात न बसणारे 2,265 कुकर अ‍ॅमेझॉनवरून विकले गेले होते. त्या सगळ्या ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या आणि एक लाख रुपये दंड भरा, असा आदेश निघाला. ग्राहकांची संख्या अशी नेमकी सांगता आली, कारण प्रत्येक कुकर कोणाच्या तरी दारात पोचवल्याची नोंद होती. हाच कुकर रविवारच्या बाजारात विकला गेला असता तर असा आदेश कोणाच्या नावानं काढायचा?

पुण्यात लोहगावला 26 मार्च 2022 रोजी ओलाची इलेक्ट्रिक स्कूटर भररस्त्यात पेटली. पुढच्याच महिन्यात कंपनीनं तपासणीसाठी 1,441 स्कूटर परत मागवल्या. तिथेही पत्ता होता, कारण वाहनाला आरटीओचा क्रमांक असतो आणि दुसऱ्या मालकाच्या नावावरही तो चढतो.

फोनला आयएमईआय क्रमांक असतो. चोरीला गेलेला फोन शोधायला सरकारनं संचार साथी उभारलं, ते याच क्रमांकावर चालतं. दोन-तीन हात बदललेला फोन आज कोणत्या सिमवर चालतो, हे त्या यंत्रणेला कळू शकतं. मग रिकॉलची एक सूचना त्या सिमवर धाडायला काय हरकत आहे? हरकत अर्थात आहे. संचार साथीचं अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासून घालण्याचा आदेश 2025च्या अखेरीस लोकांच्या रोषामुळे मागे घ्यावा लागला होता. पाळत आणि काळजी यांचा रस्ता बराच काळ एकच असतो. तरीही माझं मत सूचनेच्या बाजूचं आहे: नवं अ‍ॅप नको, एक संदेश पुरे, आणि तोही फक्त जाहीर झालेल्या रिकॉलसाठी.

पण यातून सुटतो तो नेमका आपला नेहमीचा व्यवहार. दोन-तीन वर्षांत बॅटरी फुगते, मागची काच उचकटते, आणि आपण सर्व्हिस सेंटरचा खर्च ऐकून मुंबईतलं मनीष मार्केट नाहीतर पुण्यातली तपकीर गल्ली गाठतो. काउंटरवरचा मुलगा हीटगननं फोन उघडतो आणि 'ओरिजिनल टाकू की कॉपी?' असं विचारतो. नव्या बॅटरीवर बीआयएसचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो बीआयएसच्या अ‍ॅपवर घालून पाहिला, तर कोणत्या कारखान्याला नोंदणी मिळाली ते कळतं. ती खरोखर त्या कारखान्यातून आली का, हे नाही. आयएमईआय फोनचा असतो, बॅटरीचा नाही. दुकानदार बिल देत नाही, आपणही मागत नाही. त्या खेपेत उद्या दोष निघालाच, तर कारखान्याकडची नोंद घाऊक व्यापाऱ्याच्या चलनापर्यंत जाते आणि तिथेच संपते.