दिवाबत्तीला जमीन, म्हातारपणाला काय?

आई-बापाच्या सेवेचा हिशेब मांडू नये, असं जळगाव-धुळ्याकडे कुणीही सांगेल. सांगणारा बहुधा पुरुष असतो, आणि हिशेब मांडलाच तर ज्याच्याकडे बाकी निघेल असाही तोच असतो. वाक्य धार्मिक वाटतं, म्हणून त्याला कुणी उलटून विचारत नाही. पण सेवा म्हणजे नेमकं काय, हे एकदा अंथरुणाजवळ जाऊन पाहावं. लकवा मारलेल्या डोकरीची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही बदलली तर माकडहाडावर आधी लाली येते, मग फोड, मग जखम, आणि ती जखम हाडापर्यंत जाते. नाकातल्या नळीतून पातळ पेज भरवायची, भरवल्यावर बराच वेळ डोकं उंच ठेवायचं, लघवीची पिशवी रिकामी करायची, चादरी धुवायच्या, आणि यातलं निम्मं रात्रीही करायचं. दवाखान्यात हे काम पाळ्यांनी चालतं. घरात ते एकाच बाईच्या अंगावर पडतं: सुनेच्या, किंवा माहेरी परतलेल्या लेकीच्या. धर्म मुलाचा, कंबर सुनेची, अशी ही वाटणी आहे. माझं म्हणणं साधं आहे. सेवा हा धर्म असेल, तर तिचा खर्च, त्या खर्चाची आगाऊ तरतूद आणि राबणाऱ्या हातांचा मोबदला हेही त्याच धर्मात मोडतात. पैशाचा विषय काढणं हा अधर्म नव्हे. तो टाळणं हा आहे.

याला आधार आपल्याच परंपरेत आहे, आणि तो चांगला जाडजूड आहे. गावोगावच्या देवळांना पूर्वजांनी जमिनी लावून दिल्या. महसूल दप्तरात त्या वर्ग ३ चं देवस्थान इनाम म्हणून आजही नोंदलेल्या दिसतात. हेतू काय? रोजची पूजा, नैवेद्य आणि दिवाबत्ती खंडू नये. भक्ती उदंड असली तरी तेल विकत आणावं लागतं आणि पुजाऱ्याला पोट असतं, हे देणाऱ्यांना ठाऊक होतं. भक्तांचा उत्साह पिढीगणिक कमीजास्त होईल, जमिनीचं उत्पन्न मात्र येत राहील, एवढा व्यवहार त्यांनी पाहिला, आणि त्यामुळे देवाची सेवा बाटली असं कुणी म्हटलं नाही. अमळनेरचे प्रताप शेठ कापडगिरणीचे मालक. त्यांनी १९१६ साली गावात तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केलं ते अद्वैत वेदान्ताच्या अभ्यासासाठी. ब्रह्म सत्य आणि जग मिथ्या यावर विचार करायला आलेल्या विद्वानांनाही दोन वेळचं जेवण आणि विद्यावेतन लागतं, हे गिरणीमालकाला कुणी शिकवावं लागलं नाही. म्हणजे मूर्तीसाठी तरतूद, वेदान्तासाठी तरतूद. मग घरातल्या जित्या माणसाच्या शेवटच्या दहा वर्षांसाठीच तरतुदीचं नाव काढलं की व्यवहारीपणा कसा ठरतो?

धर्मशास्त्राने तर अशा तरतुदीला व्यवहारीपणा म्हटलेलंच नाही. मनूच्या नावावर सांगितलं जाणारं आणि मिताक्षरा या जुन्या धर्मशास्त्रग्रंथाने आधाराला घेतलेलं एक वचन आहे. म्हातारे आई-बाप, पत्नी आणि लहान मूल यांचं पोषण शंभर नको ती कामं करूनही केलंच पाहिजे, असा त्याचा आशय. इथे भावनेला हात घातलेला नाही. पोसण्याची गोष्ट आहे, आणि म्हाताऱ्यांना बायको-मुलांच्या पंक्तीत बसवलेलं आहे. महाराष्ट्रात चाललेल्या त्याच मिताक्षरेप्रमाणे बापाच्या पश्चात मुलांनी वाटणी केली तर आईला मुलाइतका हिस्सा मिळतो. विधवा आईची सोय मुलांच्या मायेवर सोडून न देता शास्त्राने ती मालमत्तेत बसवली. इस्लामी कायदा याच निष्कर्षाला दुसऱ्या वाटेने येतो. भुसावळ-धुळ्यातल्या मुसलमान घरांत हे सगळ्यांना माहीत असतं की जकात आई-बापाला देता येत नाही. कारण त्यांचं पोषण हे दान नाही, ती मुलाची स्वतःची देणेदारी आहे. ती दानाच्या खात्यात दाखवून पुण्य कमावता येत नाही.

आता ‘ऋण’ या कल्पनेकडे येऊ, कारण बहुतेकांचा युक्तिवाद तिथेच टेकतो. त्यांनी आपल्याला वाढवलं, आपण ते फेडायचं. मला हा पाया कच्चा वाटतो. एक तर वेदांतली पितृऋणाची कल्पना वेगळी आहे: तैत्तिरीय संहितेनुसार पितरांचं ऋण फिटतं ते संततीने. ते पुढच्या पिढीत फेडायचं असतं. अंथरुणावरच्या बापाची चादर बदलण्याशी त्याचा थेट संबंध नाही. दुसरं, ऋण म्हटलं की खातेवही आलीच. मला शिकवलं नाही, धाकट्याला इंजिनिअर केलं, मग करू दे त्याला; लग्नात ताईला सोनं दिलं, मग ताईने बघावं. भावाभावांतली निम्मी भांडणं या वहीतूनच निघतात. आणि ज्या बापाने काही दिलंच नाही, त्याचं काय करायचं? १९८७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न आला होता. पहिली पत्नी वारल्यावर दुसरं लग्न केलेल्या एका वडिलांनी कल्याणच्या आपल्या विवाहित डॉक्टर लेकीकडे पोटगी मागितली. लग्नामुळे लेकीची जबाबदारी संपत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. पाहिल्या त्या दोनच गोष्टी: बापाला स्वतःचं पोट भरता येतं का, आणि लेकीकडे स्वतःचं पुरेसं साधन आहे का. जुनी बाकी कुणी मोजली नाही. मला हाच पाया पक्का वाटतो. माणूस आपला आहे, असहाय आहे आणि आपल्याकडे साधन आहे, एवढं पुरे.

यावर सगळ्यात मोठा आक्षेप असा की पैसा मधे आला की माया जाते. त्यासाठी पुंडलिकाचं उदाहरण देतात. दारात आलेल्या देवाला विटेवर थांबवून तो आई-बापाचे पाय चेपत राहिला. त्याने कुठे खर्च मोजला? खरं आहे, पण ती कथा अग्रक्रमाची आहे. देव थांबेल, म्हातारे थांबणार नाहीत. हा अग्रक्रम आपण पैशाला लावून पाहावा. म्हातारा जिवंत असताना एअर बेड घ्यायला पैसे नसतात, आणि गेल्यावर गंधमुक्तीच्या पंगतीला कर्ज मिळतं. मुक्ताईची पालखी काढणाऱ्या, पंढरीची वारी करणाऱ्या या मुलखात पुंडलिकाचा याहून उलटा अर्थ लावता येणार नाही. आणि माया जाते म्हणणाऱ्यांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवावी. त्या दिवशी घराघरांत पितरांची घागर भरतात: मातीच्या घागरीवर डांगर, जोडीला सांजोऱ्या आणि आंबे, चुलीत आगारी. त्याच सुमारास शेतावरच्या सालदाराचं साल ठरतं. धान्य किती, रोख किती, हे तोंडावर बोललं जातं. मोबदला ठरला म्हणून मातीवरची माया आटल्याचं कुणी ऐकलेलं नाही. मग आईला सांभाळणाऱ्या सुनेला, किंवा बाहेरून येणाऱ्या मावशीला काय मिळणार, हे बोलायला जीभ का अडते? २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या माणसांची विनामोबदला काळजी घेणाऱ्या बायका २७.६ टक्के निघाल्या, पुरुष १४ टक्के. वेळ बायकांचा दिवसाला १३४ मिनिटं, पुरुषांचा ७६. यात लहान मुलंही धरलेली आहेत, पण कल लपत नाही. हिशेब न मांडण्याचा आग्रह कुणाच्या सोयीचा आहे, हे या आकड्यांवरून कळतं.

पूर्वी एकत्र कुटुंबात हे सगळं आपोआप व्हायचं, असंही म्हणतात. पूर्वी लकव्यानंतर माणूस दहा वर्षं जगत नसे, आणि मुलं सुरतेच्या कापड कारखान्यांत किंवा पुण्याला नसत. भुसावळहून सुरतेकडे जाणाऱ्या गाड्या ज्या घरांतून भरतात, त्या घरांत मागे दोन म्हातारी उरतात. त्यातल्या रेल्वेच्या पेन्शनरचं बरं चालतं. कापूस वेचून आयुष्य काढलेल्या बाईचं काय? इथला आक्षेप मात्र खरा आहे: ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी कसली तरतूद करावी? त्यांना धर्म सांगणं निर्लज्जपणाचं आहे. तिथे ही देणेदारी सरकारची. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असलेल्या माणसाला महिन्याला १,५०० रुपये मिळतात, म्हणजे दिवसाला ५०. आयुष्मान योजनेत २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. घरी आल्यावरची दोन वर्षं त्यात बसत नाहीत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने जिल्ह्याला निदान एक, १५० निराधारांचा वृद्धाश्रम सुचवला. जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ ला ४२ लाख होती. राज्याचं ९.९ टक्क्यांचं प्रमाण धरलं तर त्यात साठीपुढचे चार लाखांहून अधिक. देवळाच्या जीर्णोद्धाराला आमदार निधी आणतात. गावात रोज फिरून जखमा बघणारी एक नर्स नेमा, अशी मागणी एखाद्या सभेत झाली तर ती जास्त धार्मिक ठरेल.

पण ज्यांच्या नावावर पाच-सात एकर आहे किंवा शहरात घर आहे, त्यांना ही सबब नाही. कायद्याने माया निर्माण होत नाही असं ते म्हणतील. होत नाहीच. २०२० च्या अखेरीस लातूर जिल्हा परिषदेने आई-बापाला न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापून तो आई-बापाच्या खात्यात भरायचं ठरवलं आणि काहींचा कापलाही. त्यातून प्रेम उपजलं नसेल, औषधं मात्र आली असतील. औषध कोणत्या भावनेने विकत घेतलं हे जखमेला कळत नाही. २००७ च्या कायद्याने प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करून महिन्याला १० हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये, म्हणून म्हातारी माणसं शुद्धीवर असतानाच बोलावं. अशुभ वाटलं तरी आई-बापाच्या समोर, सगळ्या भावांनी आणि बहिणींनी बसून: कोण ठेवणार, कोण पैसे देणार, ठेवणारीच्या हातात महिन्याला किती पडणार, आणि किती जमीन शेवटपर्यंत त्यांच्याच नावावर राहणार. महाराष्ट्रात २०१५ साली मुला-नातवंडांना घर किंवा शेती बक्षीस द्यायचं मुद्रांक शुल्क २०० रुपयांवर आलं, तेव्हापासून बक्षीसपत्र करायची घाई फार होते. २००७ च्याच कायद्याच्या २३ व्या कलमाने सांभाळ न केल्यास बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं, पण सांभाळाची अट त्या व्यवहारात असावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने कलमाचा अर्थ थोडा सैल केला, तरी त्यावर विसंबू नये. सही करण्याआधी दस्तलेखकाला सांगून ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट शब्दांत घालून घ्या.