धनी कोण?

‘आपला’ हा शब्द मोठा फसवा आहे. आपले शेत, आपला धर्मग्राम, आपला देश असे आपण एका दमात म्हणून जातो. पण प्रत्येक ठिकाणी त्या ‘आपल्या’चा अर्थ निराळा असतो. शेताचा सातबारा आपल्या नावावर असतो. चर्चची इमारत आपल्या आजोबांनी पदरमोड करून उभारलेली असली, तरी ती विकण्याचा अधिकार आपल्याला नसतो आणि त्याची खंतही वाटत नाही. या यादीत आणखी एक ‘आपला’ घालावा लागेल : फुटबॉलचा क्लब.

आमच्या कामोठ्यात, मूळ गावकरी सोडले तर, पिढीजात असे कोणाचे फारसे काही नाही. सिडकोने इमारती बांधल्या आणि वसईचा, गोव्याचा, मंगळूरचा, केरळचा असा जो तो आपले गाव मागे ठेवून येथे आला. अशा वसाहतीतील मुले आपलेपणासाठी काहीतरी शोधत असतात. मुंबई सिटी हा क्लब २०१४ मध्ये निघाला आणि पहिले दोन हंगाम त्याचे घरचे सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर झाले. पुढे तो अंधेरीला गेला. पण निळा सदरा इकडच्या मुलांच्या अंगावर राहिला तो राहिलाच.

हा क्लब कायद्याने दुसऱ्याचा. तो चालतो की बुडतो, विकला जातो की मोडला जातो, हे ठरवणारी माणसे आपल्याला ओळखतही नाहीत. तरीही त्याच्या विक्रीची बातमी आली की हजारो माणसे महिनोन्‌महिने कान टवकारून बसतात. त्यांचा त्या क्लबवर काही नैतिक हक्क आहे काय? आणि असल्यास त्या हक्काबरोबर काही कर्तव्यही येते काय? प्रश्न खेळाचा वाटतो, पण तो तेवढाच नाही.

पुण्याचे उदाहरण घेऊ. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये पुणे एफ.सी. हा क्लब स्थापन केला. सहा वर्षांत तो आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला (हंगाम २०१२-१३). त्याची मुलांची अकादमी देशात नावाजली गेली. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, पैशाचा व प्रसिद्धीचा ओघ तिकडे वळला आणि २०१५ मध्ये मालकांनी अंग काढून घेण्याचे ठरवले. नव्या धन्याचा शोध सुरू झाला. पाठीराखे थांबले. धनी आला नाही. संघ बंद पडला आणि अकादमी २०१६ मध्ये एफ.सी. पुणे सिटीकडे गेली. हा दुसरा क्लबही २०१९ मध्ये मिटला व लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. मधल्या काळात कल्याणी समूहाचा भारत एफ.सी. एकच हंगाम खेळून थांबला होता, आणि डी. एस. के. शिवाजीयन्सने २०१७ मध्ये गाशा गुंडाळला होता. विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या शहरात पाच वर्षांच्या आत चार क्लब मिटले.

मालकाची बाजू येथे मांडायलाच हवी. पैसा त्याचा बुडतो. प्रेक्षक दीड-दोनशे रुपयांचे तिकीट काढतो आणि दहा कोटींची अपेक्षा धरतो. तोट्यातले दुकान गावाच्या हौसेसाठी चालू ठेवा, असे आपण कोणत्या वाण्याला सांगतो? हा आक्षेप खरा आहे, आणि ‘क्लब लोकांचा असतो’ एवढ्या घोषणेने त्याचे उत्तर होत नाही.

उत्तर मला आपल्या शेतीव्यवहारातच सापडते. परक्याच्या शेतातून गावाची पाऊलवाट वर्षानुवर्षे चालत आली असेल, तर तिला वहिवाट म्हणतात. जमीन चालणाऱ्याची होत नाही. तिच्यातले एक कणीसही तो मागू शकत नाही. मालक शेत खुशाल विकू शकतो. मात्र घेणाऱ्याला वाट मोकळी ठेवावी लागते, आणि विकणाऱ्यालाही ‘शेत माझे आहे’ म्हणून त्या वाटेवर एका रात्रीत काटे टाकता येत नाहीत. पाठीराख्याचा हक्क हा असा वहिवाटीचा हक्क आहे. त्याने मालकी मागू नये. पण विकण्याचा हक्क आणि मोडण्याचा हक्क हे दोन निराळे आहेत, हे त्याने ठणकावून सांगावे. पुण्याच्या अकादमीतली मुले ही काही टेबल-खुर्च्यांसारखी यादीत लिहायची वस्तू नव्हती.

शुभवर्तमानातला मोलकरी लांडगा दिसताच मेंढरे टाकून पळतो, कारण मेंढरे त्याची नसतात. फुटबॉलच्या जगात हा दाखला काहीसा उलटा होतो. येथे पळतो तो पुष्कळदा धनीच. आणि ज्याचा सातबारा नाही, ज्याला मजुरीही नाही, तो पाठीराखा मागे उरतो. अर्थात उरणे म्हणजे सांभाळणे नव्हे. दाखल्यातल्या मेंढपाळाचे मोठेपण उभे राहण्यात आहे, वाट पाहण्यात नाही.

कारण लांबलेली प्रतीक्षा माणसाच्या मनाचे काही बरे करतेच असे नाही. इंग्लंडमधील न्यूकॅसल युनायटेडचे पाठीराखे माइक ॲशली या मालकाला २००७ पासून सोसत होते. त्याच्या काळात संघ २००९ आणि २०१६ असा दोनदा खालच्या श्रेणीत घसरला. २०२० च्या एप्रिलात सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीचा खरेदीचा प्रस्ताव पुढे आला. जुलैमध्ये तो मागे घेतला गेला, आणि अखेर ७ ऑक्टोबर २०२१ रोजी व्यवहार पूर्ण झाला. मैदानाबाहेर जल्लोष झाला. काहींनी अरबी फडकी डोक्याला गुंडाळली. जमाल खशोगी या पत्रकाराची हत्या होऊन तेव्हा तीनच वर्षे लोटली होती, आणि मानवी हक्क संघटना सौदी राजवटीविषयी परोपरीने सांगत होत्या. चौदा वर्षे उपाशी राहिलेल्या माणसाला ‘हे अन्न कोठून आले?’ असे विचारणे आपल्याला येथून सोपे आहे. म्हणून मी त्या लोकांना दोष देण्याची घाई करणार नाही. परंतु प्रश्न विचारण्याचे काम त्यांचेच होते. वहिवाट सांगणाऱ्याने वाटेवर कोण उभा आहे हे पाहायला नको काय?

कोलकात्याच्या ईस्ट बंगालची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. १९२० साली स्थापन झालेला हा क्लब पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांचे जणू दुसरे घर ठरला. २०२० मध्ये श्री सिमेंट या कंपनीने त्यात गुंतवणूक केली. पण अंतिम करारावर सही करण्यास क्लबचे पदाधिकारी तयार होईनात. सभासदांचे हक्क त्यात जातात, असे त्यांचे म्हणणे. पाठीराखे दुभंगले. २०२१ च्या जुलैमध्ये क्लबसमोर निदर्शने झाली आणि पोलिसांच्या लाठ्या चालल्या. दोन्ही गटांच्या अंगात तोच लाल-पिवळा सदरा होता. वाडवडिलांचा ठेवा सही करून द्यायचा नाही म्हणणारे आणि ठेवा जगवण्यासाठीच सही करा म्हणणारे, या दोहोंत गद्दार कोणीच नव्हते. कंपनी २०२२ मध्ये गेली, त्याच वर्षी इमामी समूह आला.

वाट न पाहणारेही असतात. लंडनचा विम्बल्डन क्लब मालकांनी मिल्टन कीन्स या दूरच्या गावी नेण्याचे ठरवले व २००२ मध्ये त्यांना परवानगी मिळाली. तेव्हा पाठीराख्यांनी नवा क्लब काढला, सार्वजनिक माळावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली, नवव्या श्रेणीपासून सुरुवात केली आणि २०११ मध्ये तो क्लब व्यावसायिक लीगमध्ये पोचवला. जर्मनीत तर मताधिक्य सभासदांकडेच असावे, असा १९९८ पासून नियम आहे. आपल्याकडे असे काही सुचत नाही, कारण मैदान, परवाना, पैसा हे सारे वरूनच येते अशी आपली समजूत झालेली आहे.

आणि धनी आला, चांगला आला, तरी? मुंबई सिटीला तो लाभला. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल समूहाने नोव्हेंबर २०१९ मध्ये क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. पुढच्या पाच वर्षांत दोन लीग शील्ड आणि दोन चषक आले. २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमधला सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब ठरला. मग २०२५ मध्ये लीगच्याच व्यवस्थापनाचा करार संपत आला, हंगाम लटकला, ऑक्टोबरात निघालेल्या निविदेला एकही बोली आली नाही, आणि डिसेंबरात समूहाने आपला हिस्सा संस्थापक मालकांना देऊन काढता पाय घेतला. हंगाम सुरू व्हायला २०२६ उजाडले.

त्या दिवसांत आमच्या सोसायटीच्या आवारात खेळणाऱ्या मुलांची चर्चा कानावर येई. आता कोण घेणार, किती कोटींना घेणार, अरब येणार की अमेरिकन, असे चालले होते. त्यातल्या एका लहानग्याला त्या कोटींत रस नव्हता. सामने पुन्हा नेरूळला होतील का, एवढेच तो विचारत होता. मानसरोवरहून नेरूळ चार स्थानके. अंधेरीला त्याची आई त्याला एकट्याला सोडत नाही.